दिवेकरजी आणि सीरसकरच्या पाच पँटी

दिवेकरजी माणसाकडे बघायचे ते खालून वर. आधी बूट, मग पँट, मग पट्टा, मग शर्ट आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्या कपाळाला आठी पडलेली असायची. नवख्या माणसाला वाटे की यांना आपण आवडलो नाही. तसं काही नसे. त्यांना फक्त आपली पँट आवडलेली नसायची.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू होतो. आमचा जिना त्यांच्या बैठकीच्या दारासमोर उतरायचा, त्यामुळे आमच्या ह्यांना रोज सकाळी बँकेत जाताना या तपासणीतून जावंच लागे.

"साहेब, एक मिनिट. बूट ब्राऊन आहेत नं? मग पट्टा काळा कशाला?"

"अहो दिवेकरजी, पट्टा कोण बघतंय?"

"मी बघितला नं. मतलब अजून कोणीतरी बघणारच."

हे कधी वर येऊन पट्टा बदलायचे, कधी हट्टानं तसेच जायचे. तसेच गेले की दिवेकरजींचा दिवस वाया गेला म्हणून समजा. संध्याकाळी मी शाळेतून आले की ते जिन्याशी उभेच. "वहिनी, साहेबांना बँकेत कोणी काही बोललं तर नाही नं?" त्यांच्या डोळ्यांत खरोखरीची भीती असायची. मी तोंडावर हसायचे, आणि वर जाऊन पुन्हा हसायचे.

आमच्या भागातल्या कापड मिलचं स्वतःचं दुकान मल्हारगंजात होतं, तिथे ते विक्रीला होते. आयुष्यभर थान, म्हणजे कापडाचे तागे, उलगडले आणि पुन्हा गुंडाळले. दुसरा एखादा कंटाळला असता, पण यांना एकेक गिऱ्हाईक म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. चौकडीचा शर्ट आणि धारीची पँट असं कोणी एकत्र मागितलं तर ते हात जोडत. "दोन्ही घ्या. पण एकाच दिवशी घालू नका. धारीला शेजार साधाच पाहिजे. दोघं बोलके एका घरात आले की भांडणं." गल्ल्यावरचा माणूस डोळे वटारायचा. गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा ऐकायचं, कारण सांगणारा माणूस इतका घाबरलेला दिसे की न ऐकणं पाप वाटावं.

एकदा छत्रीबागेतल्या एका नवरदेवाला त्यांनी बदामी पँट आणि मोतिया शर्ट असं कापड दिलं. दिलं ते दिलं, आणि मग त्यांच्या जिवाला घोर लागला. शिंप्यानं काळ्या दोऱ्यानं शिवलं तर? पँट आखूड झाली तर? लग्नाच्या दिवशी न राहवून हा गृहस्थ आमंत्रण नसताना त्या लग्नाला गेला. मांडवाच्या कडेला उभं राहून नवरदेवाची पँट नीट पाहिली. वधूपक्षाला वाटलं वरपक्षाचे, वरपक्षाला वाटलं वधूपक्षाचे, आणि दोघांनी आग्रह करकरून वाढलं. घरी आले ते पोटाला हात लावून. कुसुमताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "कशी होती पँट?" तर म्हणे, "पँट बराबर होती. सॉक्स मात्र लाल." आणि रात्रभर त्या लाल मोज्यांसाठी तळमळले.

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण मी मुलांना वर्गात शिकवायचे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दिवेकरजीच असायचे. पण एक काळजी अशी होती की जिला मीसुद्धा हसू शकले नाही. ती काळजी म्हणजे रमेश, त्यांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे याला त्यांनीच वाढवला. कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं तेव्हा मिलमध्ये सांच्यावर, म्हणजे मागावर, जागा निघाली. दिवेकरजींनी त्याला कॉलेजातून काढून मिलमध्ये लावला. "डिग्री काय, कधीही होते. मिलची नोकरी रोज रोज थोडीच निघते!" असं त्या वेळी सगळेच म्हणत, आणि ते खरंही होतं. मिल म्हणजे पक्कं काम, जन्माची ददात मिटली. रमेश बिचारा शांत. तो दादाच्या शब्दाबाहेर नव्हता.

आणि मग एकेक करून मिली आजारी पडायला लागल्या.

ती वर्षं ज्यांनी परदेशीपुऱ्यात काढली त्यांना सांगायला नको. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची. मग वीज कापली. भोंगा बंद झाला तेव्हा पहिले काही दिवस आमच्या गल्लीतल्या बायकांना स्वयंपाकाची वेळच कळेना. रोज नवी बातमी: सरकार घेणार, कोणी शेठ घेणार, सोमवारी उघडणार. सोमवार येत आणि जात. तिकडे टीव्हीवर नव्या नव्या नावांच्या तयार कपड्यांच्या जाहिराती लागायच्या, शहरात काचेची मोठी दुकानं उघडायला लागली होती, आणि इकडे कापड विणणारी माणसं घराच्या ओट्यावर बसून होती. दिवेकरजींचं दुकानही आटोपलं. पुढे ते मल्हारगंजातच एका ओळखीच्या शिंप्याकडे अर्धा दिवस बसू लागले. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलायचे ते रमेशबद्दल. "मी नसता काढला तर आज ग्रॅज्युएट असता, वहिनी. कुठेतरी लागला असता." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही.

दुकान रिकामं करताना न खपलेलं कापड नोकरांनी न्यावं असं ठरलं. ज्यानं त्यानं टेरीकॉट उचललं. दिवेकरजींनी उचलला सीरसकर नावाच्या सुती कापडाचा एक मोठा थान. पांढऱ्यावर फिकट निळी धारी, आणि एक धारी सपाट तर एक चुणीदार, मुद्दाम तशी विणलेली. बाहेरदेशी पाठवायला म्हणून मिलनं काढलं होतं, तिथून परत आलं, आणि इंदूरात त्याला कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? आपल्याकडे कडक इस्त्री म्हणजे माणसाची अब्रू, आणि हे कापड तर शिंप्याकडून येतं तेच चुरगळलेलं. दिवेकरजी मात्र त्यावर जीव टाकून होते. "वहिनी, हात लावून बघा. चुणीमुळे ते अंगाला चिकटतच नाही. मधून हवा फिरते. मे महिन्यात याच्यासारखं कापड नाही."

त्यांनी स्वतःला एक पँट शिवली. पुढे प्लेट नाही, पायाशी मोहरी सरळ, वर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तपकिरी पट्टा आणि तपकिरी सँडल. खरं सांगते, छान दिसायचे. पण गल्लीतली पोरं विचारायची, "काकाजी, घालून झोपले होते का?" एकदा नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यानं दया येऊन ती पँट पाणी मारमारून, कोळशाची जड इस्त्री दाबदाबून अशी सपाट केली की पुढे सुरीसारखी धार काढून दिली. वर म्हणाला, "भिया, बहुत मेहनत लगी इसमें." दिवेकरजींनी घरी येऊन पँट बादलीत बुडवली, न पिळता दोरीवर टाकली आणि खाली वेताचा मोडा घेऊन बसले. चुण्या परत यायला लागल्या तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

असं सगळं चालू असताना शहराबाहेर पीथमपूरकडच्या एका नव्या कारखान्यात माणसं भरणार असल्याची बातमी आली. आमच्या गल्लीतून पाच जणांना एकाच दिवशी बोलावलं: रमेश, त्याच्या खात्यातले गोपाल आणि शकूरभाई, आणि आणखी दोघं. सगळे त्याच बंद मिलचे. दिवेकरजींची झोप उडाली ती तेव्हापासून. रमेशला काम मिळालं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं, आणि नाही मिळालं तर ते कायमचं बसणार होतं. इतकं साधं होतं ते.

पाचही जणांच्या पँटी बघण्यासारख्या नव्हत्या. वर्षभर घरी बसलेल्या माणसाच्या पँटीला बसण्याच्या जागी चकाकी येते. नव्या कापडाला कोणाकडेच सोय नव्हती. दिवेकरजींनी कपाटावरचा थान खाली काढला.

तो आठवडा मी जिन्यावरून पाहिला. संध्याकाळी एकेकाला ते बैठकीत बोलवायचे. आरसा कपाटाचा, त्याच्यासमोर एका वेळी एकच माणूस मावे. त्याला उभं करायचं, मागे सरकायचं, मान तिरकी करायची, पुन्हा जवळ यायचं. गोपाल सावळा, त्याला फिका गुलाबी शर्ट. हा कुठून आणला तर दिवेकरजींचा स्वतःचाच, दोन्ही बाजूंनी आत घेऊन. शकूरभाई उंच आणि हाडकुळे, त्यांना करडा, पूर्ण बाह्यांचा. एकाला मोतिया, पोट सुटलेल्या एकाला गडद निळा. रमेशला स्वच्छ पांढरा. "पँट बोलतेय, तर शर्टानं गप्प बसायचं." पट्टे सगळे तपकिरी, बूट पॉलिशचे. आणि सूचना तर विचारू नका. बसमध्ये सीटवर आधी रुमाल. पोहे खायचे तर उभ्यानं आणि पुढे वाकून. पान नाही. साहेबासमोर बसायला सांगितलं तर गुडघ्याशी पँट जराशी वर ओढून बसायचं.

"दिवेकरजी, साहेब काम बघेल का कपडे?" मी एकदा म्हटलंच.

"वहिनी, काम तो नंतर बघेल. आधी काय बघेल? बंद मिलचा माणूस आला, हेच बघेल. ते दिसता कामा नये."

त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी पहाटे ते चौकापर्यंतही पोचवायला गेले नाहीत. "माझं तोंड बघून त्यांना घबराट होईल," म्हणाले. मग दिवसभर बैठक ते जिना, जिना ते ओटा. मी शाळेतून आले तर कुसुमताई म्हणाल्या, "यांना जरा वर बोलवा हो, माझं डोकं फिरलंय." वर येऊन त्यांनी चहा थंड केला आणि तसाच ठेवला.

दिवेलागणीच्या सुमारास पाचही जण आले. एकत्र. मी गॅलरीत उभी होते, आणि गल्लीच्या तोंडाशी ती ओळ दिसली. पाच शर्ट पाच रंगांचे, आणि खाली एकाच निळ्या-पांढऱ्या धारीच्या पाच पँटी, एका मापाच्या मोहरीच्या, पाच तपकिरी पट्ट्यांसह. लग्नाच्या बँडवाल्यांनी वरचे कोट काढून ठेवावेत तसे दिसत होते. मागे चार पोरंही लागली होती.

काय झालं ते रमेशनं सांगितलं, खाली बघत. बसमध्येच कंडक्टरनं विचारलं होतं, "किधर की बारात है भिया?" तेव्हा शकूरभाई म्हणाले की दोघं-तिघं मागच्या बसनं येऊ. पण रमेश म्हणाला, दादानं सांगितलंय तसंच जाऊ. कारखान्यात पाचांना एका बाकावर बसवलं. भरतीचा साहेब बाहेर आला, त्यानं बाकाकडे एकदा पाहिलं, कागदावर मिलचं नाव पाहिलं आणि विचारलं, "ये यूनियन की ड्रेस है क्या?"

गोपाल म्हणाला, "नहीं साहब, कपड़ा एक ही था."

"कपड़ा एक, मिल एक, मोहल्ला एक. आप लोग तो नौकरी लगने के पहले ही एक हो," साहेब म्हणाला. नंतर कळवतो म्हणून पाचांना परत पाठवलं. आत कोणालाच बोलावलं नाही. त्या काळात नव्या कारखान्यांना जुन्या मिलवाल्यांची केवढी धास्ती होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती पँटी बघून जागी होईल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दिवेकरजींनी आधी भलतंच विचारलं. "शर्ट बाहेर आला होता का कोणाचा?" मग त्यांनी दारात उभ्या त्या पाच जणांकडे पाहिलं. खालून वर पाहिलं नाही. नुसतंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि ते मोड्यावर बसले.

"मी एकेकाला बघितलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "वहिनी, मी एकेकाला किती बघितलं. पाचांना बघितलंच नाही."

कोणी त्यांना दोष दिला नाही. शकूरभाईंनी तर पाठीवर हात ठेवला. "जाने दो भिया, ऐसी पतलून हमने तो शादी में भी नहीं पहनी थी." त्यानं उलट जास्त लागलं असावं. मला मात्र त्या साहेबाचा असा राग आला की हातातलं भांडं मी आपटलंच. घाबरून घाबरून ज्यानं एवढी निगा केली त्याच्याच पदरात हे यावं?

दुसऱ्या दिवशी दिवेकरजी पीथमपूरला जायला निघाले. आमचे हे सोबत गेले, नाही तर वाटेतच कुठे चक्कर येऊन पडतील म्हणून. निघताना हे म्हणाले, "अहो, निदान तुम्ही तरी दुसरी पँट घाला." त्यांनी ऐकलं नाही. कारखान्याच्या फाटकावर चौकीदारानं आत सोडलं नाही, तर हा माणूस उन्हात उभा राहिला. संध्याकाळी साहेबाची गाडी बाहेर पडली तेव्हा दिवेकरजी समोर गेले, खिडकीशी वाकले आणि आपल्या पँटीला चिमटीत धरून म्हणाले, "साहब, ये यूनियन की नहीं है. मेरी है. गलती मेरी है, मैंने पहनाई. उनमें एक मेरा भाई है, वो तो किसी से बात भी नहीं करता." साहेबानं ऐकून घेतलं, हे खरं. "अच्छा, देखते हैं," म्हणाला आणि काच वर केली. हे सगळं आमच्या ह्यांनी घरी येऊन सांगितलं.

साहेबानं काही पाहिलं नाही. पाचांपैकी कोणालाच बोलावणं आलं नाही.

त्यानंतर दिवेकरजींनी लोकांचे कपडे बघणं सोडलं. आमचे हे काळा पट्टा आणि ब्राऊन बूट घालून समोरून जायचे, मुद्दाम रेंगाळायचे, पण ते वर्तमानपत्रातून मान वर काढत नसत. एकदा तर ह्यांनी चौकडीवर धारी घातली, केवळ त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून. "नमस्कार साहेब," एवढंच म्हणाले. ह्यांना तो सगळा दिवस त्या शर्टात काढावा लागला. घरात रमेश काही दिवस कोणाचा तरी टेम्पो चालवायचा, काही दिवस नुसता बसून असायचा, आणि दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता जेवायचे असं कुसुमताई सांगायच्या.

पावसाळा संपता संपता रमेशला दुसऱ्या एका कारखान्याचं बोलावणं आलं. या वेळी एकट्यालाच. त्या सकाळी मी काहीतरी निमित्त काढून खाली गेले. रमेश तयार होऊन उभा होता. चॉकलेटी पँट, वर हिरवा चौकडीचा शर्ट, काळा पट्टा, आणि पायात करडे मोजे. मला कपड्यांतलं काही कळत नाही, तरी माझेसुद्धा दात आंबले.

"दादा, ठीक आहे नं?" त्यानं विचारलं. विचारताना त्याचा आवाज असा होता की याला आत्ता काहीही बदलायला सांगितलं तरी तो बदलणार.

दिवेकरजींनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ते रमेशच्या तोंडाकडे बघत होते, फक्त तोंडाकडे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जा."

तो गेल्यावर ते आत जाऊन देवासमोर बसले. कुसुमताई म्हणाल्या की पूजा वगैरे काही केली नाही, नुसते बसून होते.

रमेशला ठेवून घेतलं. त्याच संध्याकाळी पेढे वर आले, आणि मागोमाग दिवेकरजी. मी म्हटलं, "आता तरी काळजी सोडा." तर म्हणाले, "सहा महिने कच्चा ठेवणार आहेत, वहिनी. आणि मशीन सगळी बाहेरची. याचा हात बसेल नं?" म्हणजे काळजीनं फक्त घर बदललं होतं. पण ती सांगताना ते जरा हसले, आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाला हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

कारखान्यानं रमेशला कपडे दिले. गडद निळी पँट, गडद निळा शर्ट, जाड टेरीकॉटचे. सगळ्यांना सारखेच. कंपनीची बस सकाळी चौकात यायची आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून तसलेच निळे कपडे घातलेली माणसं जमायची. यावर दिवेकरजी कधी काही बोलले नाहीत. गोपालनं एकदा चेष्टा केली, "भिया, आता तर सगळ्यांचीच ड्रेस एक आहे, आता नाही का साहेबाला घबराट?"

पुढे ह्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी चौकात दूध आणायला गेले, तेव्हा दिवेकरजी बसच्या जागी उभे दिसले. रोज पोचवायला येत असत, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्याजवळ जाऊन पोहोचेपर्यंत बस लागली होती आणि एकच गर्दी उडाली होती. सगळ्या निळ्या पाठी, सगळ्या निळ्या पँटी. त्यांच्यात रमेश कुठला ते मला ओळखू येईना, आणि बघितलं तर दिवेकरजीही टाचा उंचावून या दारापासून त्या दारापर्यंत शोधत होते. बस हलली. खिडकीतून दोन-तीन हात बाहेर आले, ते कोणाचे कोण जाणे. दिवेकरजींनी आपला हात वर केला आणि बस वळेपर्यंत हलवत राहिले.

मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, चढला नं तो? तुम्हाला दिसला?"

"दिसला की," मी म्हटलं.

"कुठे बसला?"

"खिडकीशी."

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या कापडातून हवाच जात नाही हो."